पाचवारीएवढं अंतर

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात भरलेले, म्हणून कोपराने बटण दाबून तो स्पीकरवर टाकला. पलीकडून कुणी तरुण मुलगा डचमध्ये विचारत होता, तुम्ही केदारच्या मावशी का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, केदार मैदानावर पडलाय, आणि उठत नाहीये... केदारने क्लबच्या फॉर्मवर माझा नंबर दिला होता. आईचा दिला असता तर कुणीतरी सरळ नाशिकला फोन लावला असता, म्हणून. मी आधी हात धुतले, मग ओटा पुसला, मग परत हात धुतले. माणूस काय करतो त्या वेळी, त्याचं त्यालाच कळत नाही. दोन दिवसांनी टिलबर्गच्या इस्पितळात त्याचा श्वास चालवणारं यंत्र बंद केलं. पंचविशी नुकती ओलांडली होती पोराने. त्याला आता दोन महिने होऊन गेले.

केदार माझ्या धाकट्या बहिणीचा, सुलूचा मुलगा. एकुलता. मी इकडे आइंडहोवनला तीस वर्षं आहे, यजमानांच्या नोकरीमुळे आले आणि ते गेल्यावरही राहिले. शिकलेली म्हणाल तर सातवी, बाकीचं सगळं वाचून आणि विचारून. केदार शिकायला टिलबर्गला आला तेव्हा सुलू मला म्हणाली, "ताई, तो तुझ्या भरवशावर पाठवतेय गं." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. कारण पुढे माझ्याकडे सुलूला सांगण्यासारखी एक गोष्ट उरली होती, आणि ती सांगायची कशी, या एका विचारात मी त्याच्याबरोबर, म्हणजे त्याच्या पेटीबरोबर, नाशिकपर्यंत गेले.

शाळेत हा खो-खो खेळायचा. पाय असे की शिवलं असं वाटेपर्यंत निसटलेला. इथे येऊन अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात शिरला. म्हणजे पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळतात तो फुटबॉल. खांद्यांवर गाद्या, डोक्यावर हेल्मेट. क्लब सगळा विद्यार्थ्यांचा, आणि नियम अमेरिकेतल्या कॉलेजांचे. तिकडे बदलले की इकडेही बदलायचे. दोन वर्षं हा नुसता बाकावर बसला. मी चिडवायची, "काय रे, बाक झिजवायची फी भरतोस का तू?" तो हसायचा. आता वाटतं, तेवढं हसू त्याला जड जात असणार.

मग एका शनिवारी आला तो नाचतच. "मावशी, नियम बदलला. आता मला घेतील." मला कळेना. तेव्हा त्याने माझं कपाट उघडलं, एक सुती पाचवारी काढली आणि दिवाणखान्यात जमिनीवर लांब पसरली. "हे बघ, वार म्हणजेच यार्ड. सुरुवातीला आमचा गडी चेंडू लाथाडतो. आतापर्यंत साडीच्या त्या टोकावरून मारायचा, आता पाच वार मागे येऊन, या टोकावरून मारायचा." मी म्हटलं, "एका साडीने काय होतं?" तो म्हणाला, "सगळंच." त्यांच्यात एक मुलगा साधा फुटबॉल सोडून आलेला होता, त्याची लाथ मोठी. आधी त्याचा चेंडू थेट मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पडायचा. समोरचा तो धरून गुडघा टेकायचा, खेळ तिथेच थांबायचा, धावत निघालेले सगळे अर्ध्यातून चालत परत. आता तोच चेंडू अलीकडे पडणार. समोरच्याला तो घेऊन पळावंच लागणार. त्याच्यापुढे त्याचे तीन-चार धिप्पाड गडी हात धरून भिंत करणार. आणि आमच्याकडून कुणीतरी सुसाट धावत जाऊन ती भिंत फोडायची. डाव आता त्यावर उभे राहणार होते: चेंडू उंच मारा, कोपऱ्यात मारा, आणि तो खाली येईपर्यंत तुमचा सगळ्यात वेगवान माणूस भिंतीला धडकवा.

"पण हे बदललं कशाला?" मी विचारलं.

"लोकांना गुडघा टेकलेला बघायचा नसतो गं. पळताना बघायचं असतं."

"आणि भिंत फोडणाऱ्याचं काय?"

"म्हणून तर चांगल्या खेळाडूला तिथे ठेवत नाहीत." हे तो अगदी सहज बोलला, साडीची घडी घालता घालता. त्यांचा प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाला होता, या जागेला असा गडी हवा जो मोडला तरी आपलं आक्रमण मोडत नाही. आणि केदारकडे बोट दाखवलं होतं. टीममध्ये त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, 'इंडिया' म्हणत. इंडिया, जा, फोड. आणि हा पोरगा खूश. दोन वर्षांनी कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवलं म्हणून खूश.

चौथ्या सामन्यात त्याला डोक्याला बसलं. मला कळलं पुढच्या शनिवारी. दारातून आला तो डोळे बारीक करून, म्हणाला, पडदे ओढ. थालीपीठ दिलं, दोन खाल्ली. "अंश कुठे आहे?" विचारलं. अंश माझा नातू. मी म्हटलं, पोहायला गेलाय. पाणी प्यायला आणि परत विचारलं, "अंश कुठे आहे?" मी म्हटलं, आत्ताच सांगितलं ना. मग तो म्हणाला, भिंतीला धडकल्यावर जरा अंधारी आली होती, उठून हात वर केला की खेळू देतात, आठवडाभर डोकं दुखतंय एवढंच. मी म्हटलं, हाउसआर्ट्सला फोन करू.

आता हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. आणि इथल्या कुठल्याही मराठी घरी जा, गणपतीच्या जेवणाला बसा, हसायचा विषय तोच. पाय मोडला, पॅरासिटामॉल. ताप चढला, पॅरासिटामॉल, आठवड्याने बघू. मी स्वतः किती वेळा नक्कल करून लोकांना हसवलंय. केदारने त्या दिवशी माझीच नक्कल मला करून दाखवली. "मावशी, सोमवारी वेळ मिळणार, आणि तो काय देणार?" आम्ही दोघंही हसलो. मग मी कपाटातून पाकीट काढलं आणि दोन गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. डॉक्टरकडे जायचा वेळ वाचवला, असं वाटलं मला. शहाणपणा केला असं वाटलं.

"आईला सांगू नकोस. ती परत बोलावून घेईल."

संध्याकाळी, तो गेल्यावर, सुलूचा फोन. कसा आहे गं? मी म्हटलं, मजेत. दोन थालीपिठं खाऊन गेला.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सामना. पहिल्याच लाथेला हा धावला, भिंत फुटली, लोक ओरडले म्हणे. हा उठला, चालत रेघेपर्यंत आला, बाकावर बसला, आणि बाकावरूनच खाली गेला. इस्पितळात प्रशिक्षक आला होता. तरुणच आहे तोही.  म्हणाला, हा नियम फार दिवस टिकायचा नाही, चेंडू परत पुढे नेतील. जणू काही मी पुढच्या वर्षीची चौकशी करत होते. आणि जाताना म्हणाला, इंडिया फार शूर होता.

नाशिकला तेरा दिवस मी गप्प राहिले. लोक येत, सुलूच्या गळ्यात पडत, आणि सुलू प्रत्येकाला सांगे, "शेवटी ताईच्या हातचं जेवला तो." मी मान खाली घालून बसे. चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. ती गॅसपाशी दूध तापवत उभी होती. मी सगळं सांगितलं, पडद्यांपासून.  शेवटी तिने विचारलं, "कुठली गोळी?"

"पॅरासिटामॉल."

"किती?"

"दोन."

दूध वर आलं, तिने गॅस बंद केला, भांडं उतरवलं. पाठमोरीच म्हणाली, "ताई, तू तुझं तिकीट काढ."

परत आल्यावर रक्तदाबासाठी मी माझ्या हाउसआर्ट्सकडे गेले आणि न राहवून विचारलं. मी केदारला आणलं असतं तर काय केलं असतंत?  तो म्हणाला, "पॅरासिटामॉलच दिली असती. आणि पूर्ण बरा होईपर्यंत खेळायचं नाही म्हटलं असतं."

त्यानंतरच्या गुरुवारी सुलूचा फोन आला. गुरुवारी तिचा उपास असतो, तिकडे संध्याकाळ, इकडे दुपार. रडणं नाही, शिव्या नाहीत. एवढंच म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. कुठल्या खुर्चीत बसला होता? पाणी कुणी दिलं? हसला तेव्हा मोठ्याने हसला का? गोळ्या एकदम घेतल्या की एकेक? मी आठवून आठवून उत्तरं देते. अंशबद्दल दोनदा विचारलं, तिथे आले की ती म्हणते, "थांब," आणि बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येतो... मग म्हणते, "हं, पुढे." मी म्हटलं, "मजेत," इथपर्यंत आले की ती फोन ठेवते. दर गुरुवारी असंच. सून म्हणते, आई, तुम्ही उचलू नका, किती छळतात त्या तुम्हाला. तिला कसं सांगू, की एवढा वेळ तो आमच्या दोघींच्या मध्ये खुर्चीत बसलेला असतो, खात असतो, अजून टिलबर्गला निघालेला नसतो.

गेल्या गुरुवारी फोन आला नाही. तीन वाजले, साडेतीन झाले. मी वाट पाहिली आणि मग मीच लावला. तिने उचलला.

मी म्हटलं, "सुलू, दारातून आला तो डोळे बारीक करून..."