बिरूचे पाय दक्षिनेला

माझ्या धाकट्या भावाला, बिरूला, लकवा मारला ते मला वालूरला लय उशिरा कळलं. नामांतराच्या गडबडीत एस्ट्या बंद. रस्ता सुरू झाला तशी झरीला बिरूच्या घरी आले, तर दारातच माझं डोकं फिरलं. भावजयीनं बाज फिरवून बिरूचे पाय दक्षिनेला केलेले! आमच्यात मढ्याचे पाय दक्षिनेला करतात.

"भिवरे, मेलाय का गं त्यो?" मी वरडले.

"आक्का, दार त्यांच्या डाव्या अंगाला यावं म्हनून फिरवली," ती म्हनली.

डावं अंगच तर गेलेलं. पान्याचा तांब्या डावीकडं, तंबाखूची चंची डावीकडं. अन् चांगला उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला! बिरू तांब्याकडं बघायलाय अन् ही बया भाकरी थापायलीय, उठंना. मला तवाच वास आला. ह्याला असंच वाळवायचं, मेंढरं इकायची अन् माहेर गाठायचं, दुसरं काय!

तोंडावर इचारलं तर म्हनती कशी, "परभनीच्या डाक्टरनं सांगितलंय. हात मेला न्हाई, डोकं त्याला इसरलंय. घर असं मांडायचं की डोक्याला त्यो हात आठवावाच लागंल."

"डोकं काय शाळेतलं पोरगं हाय व्हय?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. डाव्या हातानं मेंढरू दाबून धरल्याबिगर लोकर कातरता येत न्हाई, हे मला का ठाव न्हाई? हात आला न्हाई तर मेंढरं जानार, अन् मेंढरांबिगर बिरू जगायचा न्हाई. म्हनून तर माझा जीव तुटायचा.

ती पान्याला गेली की मी तांब्या उजवीकडं ठेवायची, हात सोडायची. आली की ती मुकाट्यानं पुन्हा तसंच करायची. लय आतल्या गाठीची! मी तिच्यावर डोळाच ठेवला.

एका सकाळी ती घागर घेऊन गेली. मी तांब्या उचलाया वाकले, तर मनगट कुनीतरी धरलं. बिरूचा डावा हात! थरथरत होता, पर सोडंना.

"ऱ्हाऊ दे आक्का. माझं मी घेतो."

अर्धं पानी छातीवर सांडलं, अर्धं तोंडात गेलं. दारात भिवरा घागर घेऊन रडायलेली. मला बी रडू आवरंना.

"तांब्या ऱ्हाऊ दे तिथंच," मी तिला म्हनले. "पर पाय तेवढे फिरव, बाई."

मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. सांजेपर्यंत मी बांगड्या वर सारून बघत बसले.