ऑप्शनला टाकलेलं युनिट

आमच्या आळीत सकाळी साडेआठला ठोकाठोकी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. कसब्यातली तांब्या-पितळेची भांडी करणाऱ्यांची आळी ती. वडील खाली दुकानात घंगाळं मठारायचे, म्हणजे हातोड्याचे शेजारी-शेजारी ठोके देत अख्खं भांडं चमकवायचे आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, माळ्यावर, मी इंजिनिअरिंगचा अभ्यास करायचे. त्या ठोक्यांनी वडिलांचे कान अर्धे गेले होते. माझं डोकं मात्र जन्मापासूनच तापट, त्याला ठोक्यांची गरज नव्हती.

शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात सॉफ्टवेअरची एक कंपनी आली. हडपसरला तिचं नवंकोरं ऑफिस होतं. माझी निवड झाली, आईनं आळीभर पेढे वाटले. पण अट होती: डिसेंबरच्या परीक्षेनंतर एकही विषय राहिलेला चालणार नाही. आणि माझा तिसऱ्या वर्षाचा एक राहिला होता, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. तो या खेपेला सुटला नाही की नोकरी गेली.

तो राहिला कसा, ते खरं सांगते. पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे असत, म्हणून आमच्यातली शहाणी मुलं एखादं अवघड युनिट सरळ ऑप्शनला टाकत. मीही शेवटचं युनिट टाकलं. पेपर काढणाऱ्या महाभागानं नेमकं तेच जवळजवळ प्रत्येक प्रश्नात पेरलं. निकालाच्या दिवशी वडिलांनी विचारलं, ‘कसं काय राहिलं गं?’ मी खेकसले, ‘तुमच्या या ठोकाठोकीत काय डोंबल अभ्यास होणार!’ वडील हातोडा उचलून पुन्हा कामाला लागले. त्यांना ऐकू गेलं नसेल, असं मी सोयीस्करपणे धरून चालले.

ऐकू गेलं होतं. पेपरच्या आठ दिवस आधी, सोमवारी, साडेआठ वाजले, नऊ वाजले, आळीत एक ठोका नाही. खिडकीतून पाहिलं तर वडील फडक्यानं भांडी पुसत बसलेले. समोरचे काका, तेही आमच्यासारखेच कारागीर, ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. आई म्हणाली, ‘काल घरोघर जाऊन आले ते. पोरीची परीक्षा आहे, आठ दिवस हातोडा खाली ठेवा म्हणाले.’ लग्नसराईची कामं अंगावर असताना सगळे हो म्हणाले होते.

मग काय विचारता! शांतता होती, वेळ होता, पुस्तक होतं आणि डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं. तीन रंगांत वेळापत्रक आखलं. आखण्यातच सकाळ गेली. जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या, पण त्या युनिटाचा प्रश्न आला की मी पान उलटायचे. नळावर गेलं की कुणीतरी विचारणार, ‘काय गं, होतोय ना आता अभ्यास?’ समोरचे काका तर वर बघून म्हणाले, ‘आमचं काय, आम्ही बसलोच आहोत. तू पास हो, मग आम्ही कामाला लागतो.’ आता नापास झाले तर कुणाच्या नावानं बोंब मारणार होते मी? तीन दिवस असे वाया गेले. ते युनिट पुन्हा ऑप्शनला टाकावं असं मनात आलं, तेव्हा माझी मलाच भीती वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी मी खाली उतरले. ‘बाबा, काम सुरू करा.’

‘काय?’

‘काम सुरू करा. माझा विषय आवाजामुळे नव्हता राहिला.’

त्यांनी कानामागे हात धरला. ‘मोठ्यानं बोल.’

अरे देवा! आळीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी अवस्था. शेवटी मी डोळे मिटून ओरडले, ‘आवाजामुळे नव्हता राहिला! मीच एक युनिट सोडून दिलं होतं! खोटं बोलले मी!’

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. दोन-तीन दारांत माणसं आली. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. वडिलांनी एक घंगाळ उचललं, दारातल्या उन्हात तिरकं धरलं आणि काठाजवळ बोट टेकवलं. बाकी भांडं लखलखत होतं, तिथं बोटभर जागा मंद होती. ‘इथं हातोडा नीट बसत नाही, म्हणून घाईत राहतं. आणि गिऱ्हाइकाचं लक्ष नेमकं तिथंच जातं.’ रागावले असते तर परवडलं असतं. मग त्यांनी हातोडा घेतला आणि आधी तेवढी जागा मठारली. ‘जा, तूही तिथूनच धर,’ म्हणाले. पलीकडच्या दुकानातून दुसरा ठोका आला, मग तिसरा. काका उठता उठता म्हणाले, ‘बरं झालं बाई. जाहिरातीसुद्धा पाठ झाल्या होत्या.’

मी वर जाऊन तेच युनिट उघडलं. एक उदाहरण बघायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर स्वतः सोडवायचं. चुकलं की पुन्हा. खाली हातोडा थांबला की मीही चहाला उठायचे. ज्या आवाजाला मी जन्मभर शिव्या दिल्या, त्यातच मला बसायची सवय होती. तरी भीती गेली नाही. पेपर हातात पडला. पहिलाच प्रश्न त्या युनिटाचा. तोच आधी लिहिला, बरोबर की चूक कोण जाणे.

निकाल लागायला दोन महिने गेले. गुणपत्रिका घेऊन घरी आले तेव्हा वडील खाली ठोकत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी हात पुसले, तो कागद घेतला आणि दारातल्या उन्हात तिरका धरून बघितला. ‘आता कुठं राहिलं नाही ना?’

मला रडूच कोसळलं. ‘नाही, बाबा.’

‘काय?’

‘नाही राहिलं!’ मी ओरडले. ‘कुठंच नाही राहिलं!’

समोरून काका हातोडा न थांबवता म्हणाले, ‘ऐकलं गं, ऐकलं. जरा हळू बोल, आमचं काम चाललंय.’