व्हेरोनाच्या कबरी आणि एक खोटं

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज रविवार. लंडनच्या पिनर उपनगरातल्या माझ्या खोलीत बोलायला कोणी नव्हतं, म्हणून एकटाच मध्य लंडनमधलं एक म्युझियम बघायला गेलो.

तिथे इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या एका सरदार घराण्याच्या जुन्या कबरींच्या प्लास्टरमधल्या हुबेहूब प्रतिकृती आहेत. समोरच्या बाकावर एक इटालियन आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, "लहानपणी शाळेत जाताना रोज या कबरींसमोरून जायचे. आता तिथे ओळखीचं कोणी उरलं नाही. म्हणून इथे येऊन बसते."

मग त्यांनी विचारलं, "तू कोणाबरोबर आलायस?"

"मित्र येतोय," मी खोटंच सांगितलं आणि घाईने बाहेर पडलो.

आता घरी आल्यापासून वाटतंय, दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसलो असतो तर? एकटे आहोत हे सांगायची एवढी लाज तुम्हालाही वाटते का?