बंदुकीवरचं कुंकू

श्री. भालचंद्र रेवडेकर यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझा हिरमोड केला तेव्हा. पुण्याहून न्युरेम्बर्गला येऊन मी नेमबाजीच्या क्लबात नुकतंच नाव घातलं होतं, आणि बंदुकांच्या एका कारखान्याच्या वर्धापनदिनानिमित्त निघालेली सोनेरी वेलबुट्टीची रायफल माझ्या मनात भरली होती. गुंतवणूक म्हणून! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. रेवडेकर, म्हणजे मंडळात सगळ्यांचे काका, मोदक खात होते. आपल्या जर्मन पेरलेल्या मराठीत म्हणाले, "हो, हो, देखणी आहे. पण आल्झो, मला सांग, आठवण म्हणून काढलेली वस्तू वापरतं कोण? सगळेच खोक्यात जपून ठेवतात. मग ती दुर्मिळ व्हायची कशी? आवडली असेल तर घे. फायद्यासाठी घेणार असशील तर मोदक घे."

मी मोदक घेतला.

मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून इथल्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवल्यावर, निवृत्तीनंतर काका एका लिलावगृहासाठी शस्त्रांचं मूल्यमापन करू लागले. खोकं आहे का, गोळी झाडली आहे का, आणि मुख्य म्हणजे कुणी हौसेनं घासूनपुसून बंदुकीची वाट लावली आहे का, हे ते पाहतात. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते एकच भाव सांगतात, त्यामुळे दोघेही त्यांच्यावर थोडे नाराज असतात.

असा रोखठोक माणूस मायाळू असेल असं वाटत नाही. पण माझे वडील इथे आले आणि घरात बसून कंटाळले, तेव्हा काका त्यांना लिलावापूर्वीचं प्रदर्शन पाहायला घेऊन गेले आणि प्रत्येक वस्तूपुढे थांबून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत राहिले. बाबांना इतक्या दिवसांत कुणी काही विचारलंच नव्हतं. घरी आले ते शीळ घालत.

पण काका मला खरे कळले ते सुहासदादांच्या बंदुकीमुळे. आपल्या मंडळाचे सुहासदादा अचानक गेले आणि पोलादी कपाटात त्यांची हरणांच्या सोनेरी नक्षीची स्मारक-बंदूक मागे राहिली. त्यांच्या पत्नी वृंदाताईंकडे परवाना नव्हता. ऑर्डनुंग्सआम्टनं, म्हणजे शस्त्रपरवाने पाहणाऱ्या सरकारी कचेरीनं, सांगितलं, विका, नाहीतर नळीत कुलूप बसवून घ्या. एक व्यापारी येऊन नाक मुरडून गेला: नक्षीत गंज चढलाय, भिंतीवरची शोभा म्हणून फार तर नेतो. वृंदाताईंना पैशाची ददात नव्हती. लागलं ते वेगळंच. ही बंदूक घेतली तेव्हा सगळ्यांनी सुहासदादांना वेड्यात काढलं होतं, आणि "बघाल, हिची कदर होईल," असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले होते. आता ती गंजकी म्हणून गेली असती, तर माणूस गेल्यावर त्याचं हसं झालं असतं.

काका भिंग घेऊन गेले, मी बरोबर होतो. हरणांच्या रेषांमध्ये तांबूस काहीतरी बसलं होतं. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "वृंदा, सुहास खंडेनवमी करायचा का गं?"

"दर वर्षी! हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं. म्हणायचे, घरात शस्त्र आहे तर पूजा नको?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. हा गंज नाही. कुंकू आहे, तेलात बसलेलं."

वृंदाताईंची मुलगी मीरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच सुचतं, ती लगेच फडकं आणायला निघाली.

"बस खाली," काका म्हणाले. "घासलंस तर सोनंही जाईल. आणि वृंदा, कारखान्यानं या ढिगानं काढल्यात. सुहासनं दिले तेवढे आज येणार नाहीत."

वृंदाताईंचा चेहरा उतरला. मला काकांचा रागच आला. इतकं खरं बोलायची काय गरज होती? पण ते उठले नाहीत. "चहा टाक," म्हणाले, आणि सुहासदादा पूजा कशी करत, ते ऐकत बसले.

लिलावाच्या वर्णनात त्यांनी डाग लपवला नाही. नक्षीत कुंकू आहे, मालकाच्या घरी दर वर्षी शस्त्रपूजा होत असे, असं सरळ लिहिलं. त्या दिवशी तशाच आणखी काही बंदुका होत्या, कोऱ्या करकरीत, खोक्यांसकट. त्यांना कुणी विचारलं नाही. सुहासदादांची मात्र चढत्या बोलीनं गेली, मूळ किमतीपेक्षा कमीला, पण अपेक्षेपेक्षा पुष्कळ वर. घेणारे वयस्कर बव्हेरियन संग्राहक वृंदाताईंना शोधत आले. ही पूजा कोणत्या दिवशी करायची, फूल कोणतं, असं विचारू लागले. वृंदाताईंनी मीराला पुढे केलं. मीरानंच सगळं जर्मनमध्ये समजावलं, फक्त 'कुंकू' तेवढं मराठीत म्हणाली.

ते गेल्यावर वृंदाताईंनी विचारलं, "काका, म्हणजे ह्यांना कुणी फसवलं नव्हतं ना?"

"किमतीत चुकला तो," काका म्हणाले. "निवडीत नाही."

सुहासदादा गेल्यानंतर वृंदाताईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

गेलेल्या माणसाच्या वस्तूचा भाव करताना त्याची अब्रूही पारड्यात असते, हे जाणणारे थोडे. खरं सांगून झाल्यावर चहाला थांबणारे त्याहून थोडे. काकांना पंच्याहत्तरी पूर्ण झाल्याबद्दल आपणा सर्वांच्या वतीनं नमस्कार. त्यांची नजर तेज राहो, गुडघे कुरकुर न करोत. आणि आपणा सगळ्यांच्या मागे आपापल्या कपाटांत जे काही उरेल, त्याचा भाव सांगायला काकाच यावेत, इतकं आयुष्य त्यांना लाभो.