वरचे खाली आले का?

सुभेदार कदमांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या ऑफिसातल्या हजेरीच्या मशीनकडे चोराकडे बघावं तसं बघत होते. "हे कधी वर चढलंय का?" त्यांनी मला विचारलं. माणूस विक्षिप्त दिसतोय, अशी मी मनात नोंद केली.

आखाती देशात, शुऐबातल्या एका कंत्राटदाराकडे आम्ही दोघं होतो. मी प्रशासन बघायची. ते फौजेतून निवृत्त होऊन आलेले, तेलाच्या टाक्यांना बांधलेल्या परांच्यांवरचे मुकादम. मशीन असूनही खिशात स्वतःची वही. माणूस वर चढला की नावापुढे एक रेघ, उतरला की दुसरी. दुहेरी हजेरी ठेवणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. खोटी नावं घुसवत असणार, असं वाटून मी त्यांच्याविरुद्ध एक पत्रही लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

जेवताना ते एका गोऱ्या जनरलची कारकीर्द सांगायचे. त्यांचे पणजोबा त्याच्या पलटणीत होते. अठराव्या वर्षी आलेला पोरगा, तीस वर्षं वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत लढला, 'सर' झाला आणि विलायतेत गुलाब लावत मेला. "खिंडीतून फौज न्यायची तर आधी दोन्ही टेकड्यांवर माणसं चढवायची. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, नाही म्हणत नाही मी." मग पाकिटातून इंग्रजी पुस्तकाच्या एका पानाची झेरॉक्स निघायची. जनरलच्या सगळ्यात नावाजलेल्या माघारीबद्दल त्यात लिहिलं होतं: एकही माणूस न गमावता.

"पणजोबांचा थोरला भाऊ टेकडीवर होता, आणखी चौघांबरोबर. कुणीतरी सांगितलं, सगळे उतरले. जनरल निघाला."

"मग?"

"मग काय! कागदावर उतरले ते."

मला तेही खरं वाटलं नाही. फौजी घरांत अशा गोष्टी असतातच.

उन्हाळ्यात आमच्याकडे अकराला बाहेरचं काम बंद होतं. जुलैतल्या एका दिवशी मशीनमध्ये सगळे बाहेर पडल्याची नोंद दिसली आणि मी ड्रायव्हरला बस काढायला सांगितलं. सुभेदार बससमोर उभे राहिले.

"मॅडम, वरचे खाली आले का?"

"आले. चोवीसच्या चोवीस."

"कुणी बघितलं?"

"मशीन सांगतंय, सुभेदार! माणसं उन्हात ताटकळलीत."

"माझ्या वहीत तेवीस आहेत."

आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस शिड्या चढून गेला. टाकीच्या मागच्या बाजूला, फळीवर रफीक नावाचा कामगार बेशुद्ध पडला होता. हजेरीची कार्डं खाली डब्यात ठेवून ही माणसं वर चढायची. तो मागून येतोच आहे असं समजून मित्रानं त्याचंही कार्ड मशीनला लावलं होतं. रफीक वाचला.

पत्र मी फाडलं आणि तसं सुभेदारांना सांगूनही टाकलं.

"फाडलं? कुणी बघितलं?" ते म्हणाले.

गेल्या वर्षी ते कायमचे साताऱ्याला गेले. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. शेवटच्या पानावर एकच नाव होतं, त्यांचं स्वतःचं. पुढे एक रेघ.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "उतरलो, मॅडम. घरी पोचलो."

"कुणी बघितलं?" मी म्हटलं. "व्हिडिओ लावा."

अंगण दिसलं, पेरूचं झाड दिसलं, खाटेवर बसलेले सुभेदार दिसले. मग मी दुसरी रेघ ओढली.