जिनं बेलभंडारा उचलला नाही

मी सरपंचपदाची निवडणूक हरले, त्याचं आता मला काही वाटत नाही. पण त्या हरण्याचं खापर माझ्या घरानं ज्या बाईवर फोडलं, तिचं नाव कुणी वाकडं घेतलं की अजून माझं डोकं फिरतं.

आमचं गाव हसनाबादच्या पलीकडं. ती आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन इथं आलो, मी गावातल्या जुन्या शेतकरी घरात आणि ती बौद्धवाड्यात. ती आमच्या रानात खुरपायला यायची, आणि सासूबाई मलाही तिच्या शेजारी बसवायच्या. माझी पात, म्हणजे वाट्याची ओळ, मागं राहिली की ती आपली संपवून उलटी फिरायची आणि माझी ओढून घ्यायची. बोलायची मात्र फटकळ. थोरल्या पोराला मी लाडावून ठेवलंय, हे माझ्या सख्ख्या बहिणींनी कधी सांगितलं नाही, तिनं सांगितलं. मी चांगली फुगून बसले होते. पण ते खरं होतं, हे मलाही ठाऊक होतं.

मागच्या वेळी सरपंचाची जागा बाईसाठी सुटली आणि मालकांनी माझा अर्ज भरला. मला कुणी विचारलं नाही. प्रचारात मी पदर घेऊन हात जोडायचे, बोलायचे ते मालक आणि दीर.

मतदानाच्या तोंडावर आमच्याकडं बेलभंडारा उचलायला लावतात. ताटात बेलाची पानं आणि भंडाऱ्याची हळद असते, तिच्यावर हात ठेवून माणूस शब्द देतो की मत तुमचंच. दीर ते ताट घेऊन गावभर फिरले आणि भावकीतल्या घराघरानं हळदीत हात घातला. बौद्धवाड्यात देवाचा भंडारा मानत नाहीत, म्हणून तिथं नुसता शब्द मागायचा ठरला. मीही सोबत होते. बाकीच्या बायांनी हो हो म्हणून आम्हाला वाटेला लावलं. ती मात्र दिरांकडं न बघता माझ्याशी बोलली.

"मी तुला मत देणार न्हाई. खुर्चीत तू बसशील अन् बोलतील तुझे मालक. तू सोताच्या तोंडानं बोलशील, मंग माझं मत बराबर तुझंच. मागून कशाला, तोंडावर सांगून राह्यले."

मला राग आला. घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडले. पण भाकरी थापायला बसले आणि भांडणात तीच जिंकतेय, हे लक्षात आलं.

निकाल लागला, मी सपाटून पडले. ज्या गल्ल्यांतून ताट फिरलं होतं, नेमक्या तिथलीच मतं गेली होती. लोकांनी हळदीचे हात धुतले आणि दुसरं बटण दाबलं. त्यांच्याविषयी घरात कुणी ब्र काढला नाही, कारण ते आपले. खापर फुटलं ते तिच्यावर. दीर म्हणाले, ती शेवटी त्या वाड्यातली, त्यांच्यातलीच. अहो, निवडून आलेली बाई तर आपल्याच भावकीतली! पण एवढा विचार करायची तसदी कोण घेतो?

दुसऱ्या दिवशी ओसरीवर भावकी जमली. ताटावर हात ठेवलेलेच सगळे, हळहळत चहा पीत होते. मालकांनी त्यांच्यासमोर हुकूम सोडला की त्या बाईनं यापुढं आपल्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. मी आत चहा गाळत होते. गाळणी तशीच टाकून मी बाहेर आले. त्या ओसरीवर पुरुषांसमोर मी तोवर एक शब्द बोलले नव्हते.

"ती येईल," मी म्हणाले. "आख्ख्या गावात माझ्याशी खोटं न बोललेली ती एकटीच हाये. पाय बंद करायचा असंल तर भंडारा उचलून खोटं बोलले, त्यांचा करा."

मी चप्पल घातली, भर गावातून तिच्या घरी गेले आणि तिला घेऊन आले. भावकी तोवर पांगली होती. आम्ही दोघी ओसरीवरच बसून चहा प्यालो. मालक उठून गेले. ती आली की ते अजूनही उठून जातात. जाऊ देत. ज्यांना गोड बोलणारेच आपले वाटतात, त्यांनी त्यांच्याशी सोयरीक करावी. मला सखी म्हणून माझी पात ओढणारी आणि माझं चुकलं तर मला तोंडावर सांगणारी बाई हवी, आणि ती मला मिळालीय.

त्या दिवशी चहा पिताना, मी भावकीसमोर काय बोलले, ते तिला सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"हेच मतदानाच्या आदल्या दिशी बोलली असतीस, तर बटण तुझंच दाबलं असतं."

पुढच्या वेळी मी पुन्हा उभी राहणार आहे. जागा बाईसाठी सुटो न सुटो, अर्ज मी स्वतः भरीन. तिच्या दारात मत मागायला एकटी जाईन. ती नाही म्हणाली, तर का ते विचारीन, आणि तिच्या हातचा चहा पिऊन येईन.