काकांचं हिरवं अँटीफ्रीझ

"झाकण घट्ट लागतंय ना? मग फेकायचं कशाला?"

असं म्हणत काका रिकामा डबा उलटा करून हलवून दाखवायचे. मिशिगनमधल्या त्यांच्या घरी आइस्क्रीमच्या डब्यात कणीक निघायची, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा आणि कॉफीच्या डब्यात पोहे. हसू नका, तुमच्याही फ्रीजमध्ये हेच आहे.

ऐंशीच्या दशकात आमच्या रस्त्यावर घराघरापुढे बोट दिसायची, म्हणून काकांनीही एक जुनी घेतली. पोहता येत नव्हतं ही किरकोळ बाब. लाइफ जॅकेट ते स्वयंपाकघरातूनच चढवून निघत. उन्हाळ्यात चारदा तळ्यावर जात आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलत. मी त्यांचा शेजारी, शिवाय ऑफिसात त्यांच्याच हाताखाली. ते ऐकणं माझ्या पगारातच धरलेलं होतं.

थंडी पडण्याआधी बोटीच्या इंजिनातलं पाणी काढून अँटीफ्रीझ भरावं लागतं, नाहीतर पाणी गोठून इंजिन तडकतं. दुकानदारानं बजावलं होतं, "बोटीला गुलाबी घ्या. हिरवं गाडीचं असतं. जहाल विष, आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री चाटतात." पण काकांकडे गाडीचं हिरवं उरलेलं होतं ना.

"केमिकल इंजिनियरला हा रंग शिकवतोय," मला म्हणाले. "गोठत नाही ना? मग झालं."

इंजिनातून बाहेर पडलेलं हिरवं पाणीही त्यांनी बादलीत धरलं आणि पुढच्या वर्षासाठी आइस्क्रीमच्या डब्यांत भरून गराजच्या दाराशी ठेवलं. झाकणं घट्ट लागली होती. एकाचं सोडून.

एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, पलीकडच्या बाईंचा कुत्रा झिंगल्यासारखा चालतोय. आपला एक डबा चाटलेला दिसतोय. सांगितलं तर केस करतील रे. पुढच्या महिन्यात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे."

"गप्प बसा काका, कोणाला कळणार आहे?" हा थोर सल्ला माझा.

काकांनी तो ऐकला नाही. डबा हातात घेऊन सपाता घातलेल्या पायांनीच ते बाईंकडे गेले. डॉक्टरनं कुत्र्याला त्या विषावर उतारा म्हणून शिरेतून दारू दिली. ऑफिसच्या पार्टीत बिअरचा वाससुद्धा न चालणारे काका दोन दिवस त्या दारूच्या सलाइनशेजारी बसून होते. सोमवारी कुत्रा गेला.

बाईंनी केस वगैरे काही केली नाही. उलट काकांचीच समजूत घातली, "कळल्याबरोबर धावत आलात, हेच खूप."

"सुटलात काका," मी म्हटलं.

आठवड्यानं काका मला म्हणाले, "नुसता बरोबर ये." बाईंनी दार उघडलं.

"मॅडम, मला संध्याकाळी नाही, दुपारी दोनलाच कळलं होतं," काका म्हणाले. "चाटताना पाहिलं मी त्याला. पाच तास खिडकीत उभा राहिलो. घाबरलो होतो."

मलाही हे तेव्हाच कळलं. मी त्यांना आयुष्यभर हसत आलो, पण हे सांगायला मी गेलो नसतो.

बाईंनी हळूच दार लावून घेतलं. ते पुन्हा काकांसाठी कधी उघडलं नाही.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या दिवशी बाईंच्या दारापुढच्या पायरीवर. मी म्हटलं, "चला काका, थंडी आहे."

"तू हो पुढे," ते म्हणाले, आणि त्या बंद दारासमोर उभेच राहिले.